गट क्रमांक, वाहन क्रमांक, आयएफएससी: अक्षरं आणि आकडे एकत्र असतील तर साठवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या विकास सोसायटीसाठी सॉफ्टवेअर लिहिताय. सभासदाच्या जमिनीचा गट क्रमांक, ट्रॅक्टरचा नंबर, बँकेचा आयएफएससी (शाखेचा कोड) आणि मोबाइल नंबर साठवायचे आहेत. गट क्रमांकाचा कॉलम सुरुवातीला इंटिजर (फक्त पूर्णांक घेणारा) ठेवला होता, पण '४५/२/अ' असा गट आला आणि एन्ट्री अडली. आता कॉलम टेक्स्टचा, म्हणजे मजकुराचा, केला तर शोध मंदावेल का, यादीचा क्रम कसा लावायचा, आणि कुणी मराठी अंक टाकतं, कुणी इंग्रजी, त्याचं काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

टेक्स्टच ठेवा, यात दुमत होण्यासारखं काही नाही. मात्र कॉलमचा प्रकार बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे. खरं काम त्यानंतरचं: एकाच गोष्टीचं एकच लेखी रूप ठरवायचं आणि माहिती आत येतानाच ती त्या रूपात आणायची. बहुतेक जण पहिला भाग करून थांबतात आणि पुढची काही वर्षं दुहेरी नोंदी शोधत बसतात. म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी निवड. एखादी गोष्ट संख्या आहे की नाही हे ती कशी दिसते यावरून ठरवू नका, तिच्याशी तुम्ही काय करता यावरून ठरवा. दोन गट क्रमांकांची बेरीज कुणी करत नाही. मोबाइल नंबरची सरासरी काढत नाही. म्हणजे ते ओळखचिन्ह आहे, आणि ओळखचिन्ह टेक्स्टमध्येच राहायला हवं, मग त्यात आज फक्त आकडे असले तरी. याची उलटी बाजू तुमच्याच सातबाऱ्यावर आहे. क्षेत्र '१.२०.५०' असं छापलेलं असतं. दोन टिंबं पाहून ते टेक्स्ट वाटतं, पण ते १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर आहे, आणि सभासदाच्या एकूण क्षेत्रावर पीककर्जाची मर्यादा निघते. ते १२,०५० चौरस मीटर असं पूर्णांकातच साठवा आणि दाखवताना पुन्हा टिंबं घाला.

आकड्यांपुरतं असलेलं ओळखचिन्ह संख्येच्या कॉलममध्ये टाकलं की पहिला बळी जातो तो सुरुवातीच्या शून्याचा. गणपतीत कोकणात जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या विशेष गाड्यांचे नंबर '०१' ने सुरू होतात. इंटिजरमध्ये तो शून्य गळतो, पाच अंकी नंबर चार अंकी होतो आणि प्रवाशाला त्या नंबरची गाडी सापडत नाही. जीएसटी क्रमांकातले राज्याचे दोन अंक पाहा: महाराष्ट्र २७, गोवा ३०, इथं काही बिघडत नाही. पण दिल्ली ०७ आणि राजस्थान ०८ आहे. पुण्यात बसून चाचणी घेतली तर ही चूक कधीच दिसणार नाही. वाहन क्रमांकातही '०००७' हेच पाटीवरचं खरं रूप असतं, '७' नव्हे.

दुसरी अडचण मापाची. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त इंटिजरमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आपला दहा अंकी मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतो, म्हणजे तो त्यात बसतच नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या, सैल मोडमध्ये असा नंबर टाकला की डेटाबेस तक्रार न करता २१४७४८३६४७ लिहून मोकळा होई. कुठल्याही जुन्या ग्राहक यादीत हा एक नंबर शोधून पाहा. शेकडो माणसांच्या नावापुढे तोच दिसला तर काय घडलंय ते कळेल. ब्राउझरच्या बाजूला जावास्क्रिप्टची मर्यादा वेगळी आहे: ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांची अचूकता तिथं राहत नाही. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचे आयडी मोठे केले तेव्हा याच कारणासाठी एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामना माहिती देणाऱ्या मार्गात) प्रत्येक आयडीसोबत त्याचं स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचं, रूपही द्यायला सुरुवात केली. तुमच्याकडे १६ अंकी बँक खाते क्रमांक असतील तर जेसनमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या मजकुरात) ते अवतरणचिन्हांतच पाठवा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आज आकडेच आहेत म्हणून उद्याही आकडेच राहतील याची हमी कुणी देत नाही. पुस्तकांचा जुना दहा स्थानांचा आयएसबीएन पाहा. तपासणी अंक अकराच्या भागाकारातून निघतो, त्यामुळे बाकी दहा आली तर एका स्थानात लिहायचं कसं, म्हणून तिथं इंग्रजी 'एक्स' येतो. अकरातल्या साधारण एका पुस्तकावर तो असतो. ग्रंथालयाच्या प्रणालीत हा कॉलम संख्येचा ठेवला तर पहिल्या काही डझन पुस्तकांतच ती अडते.

आता वेगाबद्दल. विकास सोसायटीचे काही हजार सभासद आणि त्यांचे गट, एवढ्या पसाऱ्यात टेक्स्टमुळे फरक जाणवणार नाही. बिगइंटिजर आठ बाइट घेतो; वाहन क्रमांक दहा-अकरा बाइटांत बसतो. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) दोन्हींवर लागतो. एक खबरदारी मात्र घ्या: अशा कोडला प्रायमरी की (टेबलातल्या नोंदीची मुख्य ओळख) करू नका. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण पद्धतीत प्रत्येक दुय्यम इंडेक्ससोबत प्रायमरी की साठवली जाते, त्यामुळे लांब टेक्स्ट की सगळीकडे जागा खाते. पण त्याहून मोठं कारण हे की बाहेरच्या संस्थेने दिलेला कोड बदलतो. देना आणि विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी मार्च २०२१ पासून बंद झाले. ज्यांनी शाखेची ओळख म्हणून आयएफएससीच सगळ्या टेबलांत गुंफला होता, त्यांना प्रत्येक टेबल उलगडावं लागलं. आत एक साधा क्रमवार इंटिजर प्रायमरी की म्हणून ठेवा, आणि बाहेरच्या कोडला वेगळा टेक्स्ट कॉलम व त्यावर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) द्या.

कॉलमची लांबी ठरवताना दिसतंय तेवढंच मोजून थांबू नका. पॅन नक्की दहा, आयएफएससी नक्की अकरा, जीएसटी क्रमांक नक्की पंधरा. हे कायद्याने किंवा नियमाने बांधलेले आहेत, तिथं घट्ट राहा. वाहन क्रमांकाला मात्र वीस द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेक्स्ट आणि व्हारचार (कमाल लांबी ठरवलेला मजकूर) यांच्या वेगात फरक नाही, त्यामुळे तिथं टेक्स्ट ठेवून लांबीची अट वेगळी लिहिणं मला सोयीचं वाटतं. निश्चित लांबीचा 'कॅरॅक्टर' प्रकार पोस्टग्रेसमध्ये टाळा, तो मागे रिकाम्या जागा भरतो. गट क्रमांकात मराठी अक्षर येणार असेल तर आणखी एक हिशोब आहे: यूटीएफ-८ या साठवण संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ओरॅकल डेटाबेसमध्ये लांबी मुळात बाइटांत मोजली जाते, त्यामुळे दहाच्या कॉलममध्ये देवनागरीची तीनच चिन्हं मावतात. लांबी कॅरॅक्टरमध्ये मोजायची हे तिथं स्पष्ट लिहावं लागतं.

आता मुख्य काम, लेखी रूप. 'एमएच १२ एबी ०००७', 'एमएच-१२-एबी-०००७', 'एमएच१२एबी७' आणि तेच लहान लिपीत, ही चारही रूपं एकाच ट्रॅक्टरची आहेत. डेटाबेसला मात्र ती चार वाहनं वाटतात आणि एकाच ट्रॅक्टरवर दोनदा कर्ज निघू शकतं. म्हणून आत घेताना मोकळ्या जागा, आडव्या रेघा आणि टिंबं काढा, इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत करा, शेवटचा आकडा चार स्थानांचा करा, आणि मगच साठवा. जागा आणि रेघा फक्त दाखवताना घाला. युनिक इंडेक्सही या साफ रूपावरच हवा. रिकामी जागा म्हणताना फक्त स्पेसबारची जागा धरू नका. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी जागा आणि शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं येतात. मराठी टायपिंगमध्ये जोडाक्षरांसाठी वापरलेला झीरो-विड्थ जॉइनरही मागे राहून जातो. पडद्यावर दोन नोंदी हुबेहूब सारख्या दिसतात, पण तुलना जुळत नाही. असं झालं की स्ट्रिंगची लांबी छापून पाहा. डोळ्यांना दिसतं त्याहून ती एकाने जास्त निघाली तर चोर सापडला.

अंकांचं कोडं यातच येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना कोड देणाऱ्या प्रमाणात, मराठी अंकांचे कोड वेगळे आणि इंग्रजी अंकांचे वेगळे. पायथॉनचं इंटिजर करणारं फंक्शन मराठी अंक आनंदाने घेतं, आणि त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमातलं) 'कोणताही अंक' हे चिन्हही मराठी अंकांशी जुळतं. जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंकांशी जुळतं. परिणामी शेतकऱ्याने मोबाइलवर मराठी कीबोर्डने टाकलेला गट ब्राउझर नाकारतो आणि तोच एक्सेलमधून आला तर सर्व्हर स्वीकारतो. माझा सल्ला स्पष्ट आहे: दोन्ही स्वीकारा, पण साठवायला एकच घ्या, इंग्रजी अंक. बदल करणं दहा चिन्हांच्या तक्त्याचं काम आहे. युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण (समान अर्थाच्या चिन्हांना एका रूपात आणणं) हे करून देईल असं समजू नका, ते देवनागरी अंकांना हात लावत नाही. आणि तपासणीच्या नियमात 'कोणताही अंक' न लिहिता शून्य ते नऊ असा पल्लाच स्पष्ट लिहा. सभासदाला मराठी अंकच दाखवायचे असतील, आणि दाखवावेतच, तर ते छापताना बदला.

हिश्शाच्या अक्षराचंही एकच रूप हवं. '४५/२/अ' मधला 'अ' आणि '४५/२/ए' मधला इंग्रजी 'ए' एकच असतात, पण कुठल्या कागदावर काय लिहिलंय हे लिहिणाऱ्यावर अवलंबून. महाराष्ट्रात सातबारा मराठीत आहे, म्हणून 'अ' ठेवा. गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (तिथल्या जमिनीच्या नोंदीवर) पोटविभागाचं अक्षर इंग्रजी असतं, तिथं इंग्रजीच ठेवा. मूळ कागदावर जे आहे ते प्रमाण.

क्रमवारी हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यांत जिवंत भाग आहे. टेक्स्ट डावीकडून एकेक चिन्ह पाहून लावलं जातं, त्यामुळे १, १०, १००, २, २० असा क्रम येतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी जणांच्या लक्षात येतं ते अक्षरांचं. आपण हिस्से आणि शाळेच्या तुकड्या 'अ, ब, क, ड' अशा लावतो, कारण तो क्रम इंग्रजी ए, बी, सी, डी वरून आलेला आहे. वर्णमालेत आणि युनिकोडमध्ये 'क' आधी, मग 'ड', आणि 'ब' त्यानंतर. म्हणजे साध्या क्रमवारीत यादी अ, क, ड, ब अशी येते आणि तलाठ्याच्या कागदाशी ताळा लागत नाही. कोणतंही मराठी कोलेशन (डेटाबेसमधले क्रमवारीचे नियम) वापरलं तरी हे सुटणार नाही, कारण कोलेशन वर्णमालेप्रमाणे बरोबरच आहे. आपली प्रथा वेगळी आहे.

म्हणून क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवा. गट क्रमांक तिरक्या रेघांवर तोडा, प्रत्येक आकड्याचा भाग डावीकडे शून्य भरून सहा स्थानांचा करा, आणि अक्षराच्या जागी त्याचं स्थान लिहा: अ साठी ०१, ब साठी ०२, क साठी ०३, ड साठी ०४, इ साठी ०५, असं. '४५/२/अ' ची क्रम-की '००००४५/०००००२/०१' होते. हा कॉलम माणसाने भरायचा नाही; मूळ गट क्रमांकावरून प्रोग्रामनेच काढायचा, आणि मूळ बदलला की तोही बदलायचा. फक्त आकड्यांचा प्रश्न असेल, अक्षरांची प्रथा आड येत नसेल, तर एवढं करायची गरज नाही. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या लायब्ररीच्या कोलेशनला अंकांचा क्रम संख्येप्रमाणे लावायला सांगता येतं, आणि जावास्क्रिप्टच्या कोलेटरमध्येही तसा 'न्यूमेरिक' पर्याय आहे.

गट क्रमांक तोडून सर्व्हे, हिस्सा, पोटहिस्सा असे तीन कॉलम करावेत का, असंही तुमच्या मनात येईल. मी करणार नाही. कुठं दोन भाग असतात, कुठं चार, कुठं अक्षर आकड्याला चिकटून असतं. छापलेला क्रमांक अखंड ठेवा, भाग फक्त क्रम-कीसाठी काढा.

शोधाच्या बाबतीत एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. कॉलम टेक्स्टचा केलात पण जुन्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) संख्या अवतरणचिन्हांशिवाय तशीच राहिली, तर मायएसक्यूएल मजकुराला संख्येत बदलून तुलना करतो, आणि बदलताना सुरुवातीचे अंक घेऊन बाकीचं सोडून देतो. गट बरोबर ४५ असं विचारलंत की तो ४५, ४५/१ आणि ४५/२/अ तिन्ही देतो. शून्याशी तुलना केलीत तर अक्षराने सुरू होणारा प्रत्येक कोड जुळतो. शिवाय इंडेक्सही वापरला जात नाही, आणि मग 'टेक्स्टमुळे मंदावलं' असा समज पसरतो. पोस्टग्रेस अशी तुलना नाकारून सरळ चूक दाखवतो, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. किंमत नेहमी पॅरामीटर (क्वेरीपासून वेगळी) म्हणून आणि स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. पीएचपी या भाषेत तर दोन स्ट्रिंगमधली तुलनाही दुहेरी बरोबरच्या चिन्हाने करू नका. दोन्ही बाजू संख्येसारख्या दिसल्या तर ती संख्या म्हणून तुलना करते. '०', मग इंग्रजी 'ई', मग आकडे अशी दोन वेगळी स्ट्रिंग घेतली तर दोन्ही 'शून्य गुणिले दहाचा घात', म्हणजे शून्यच ठरतात आणि 'समान' निघतात. पासवर्डच्या हॅशमध्ये (पासवर्डवरून काढलेल्या सांकेतिक रूपात) यातून खरोखरची सुरक्षा भगदाडं पडलेली आहेत. तिहेरी चिन्ह वापरा.

तपासणी किती कडक ठेवायची? जिथं रचना पक्की आहे तिथं पूर्ण कडक. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी'. आयएफएससीत पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं स्थान नेहमी शून्य. लोक तिथं इंग्रजी 'ओ' टाकतात, आणि स्थान ठरलेलं असल्यामुळे ही चूक पकडता येते. शेवटची सहा स्थानं मात्र फक्त आकड्यांची धरू नका, तिथं अक्षरंही चालतात. जीएसटी क्रमांकाचं पंधरावं स्थान तपासणीचं आहे. दहा अंक आणि सव्वीस अक्षरं मिळून छत्तीसच्या पायावर ते काढलं जातं, ते जरूर पडताळा. आधारचा शेवटचा अंक व्हेरहोफ पद्धतीने निघतो, तिच्यात एका अंकाची चूक किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल सुटत नाही.

वाहन क्रमांकाला असा घट्ट साचा लावू नका. 'दोन अक्षरं, दोन अंक, एक ते तीन अक्षरं, चार अंक' असा नियम वर्षानुवर्षं सगळ्यांनी लिहिला. मग २०२१ मध्ये बीएच मालिका आली, जिच्यात आधी वर्षाचे दोन अंक, मग बीएच, चार अंक, आणि शेवटी अक्षरं. त्या गाड्या किती तरी फॉर्मांनी नाकारल्या. जुन्या तीन अक्षरी मालिकांच्या गाड्याही अजून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी उभ्या आहेत. अनोळखी साचा आला तर 'पुन्हा तपासा' अशी सूचना द्या, पण साठवू द्या. नियम अपुरा पडला म्हणून खऱ्या माणसाची नोंद अडवणं मला पटत नाही. डेटाबेसमध्ये चेक अट (चुकीची किंमत नाकारणारी) लिहिणार असाल तर मायएसक्यूएलची आवृत्ती पाहा: ८.०.१६ च्या आधी ती अट वाचली जायची, पण पाळली जायची नाही.

एवढं सगळं करून माहिती बिघडते ती एक्सेलमध्ये. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुराच्या) फाइलमध्ये कॉलमचा प्रकार लिहिलेलाच नसतो, म्हणून दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेल अंदाज बांधतो. '१२/३' हा गट १२ मार्च होतो. खाते क्रमांकाचा सोळावा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक अचूक धरतो. सुरुवातीचे शून्य जातात. आणि सेव्ह केलं की मूळ गेलं ते गेलंच. हा त्रास आपल्यापुरता नाही. मानवी जनुकांच्या नावांत सप्टेंबर आणि मार्चसारखी दिसणारी लघुरूपं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचा, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. तुमच्याकडे तलाठी कार्यालयाने दिलेले गट क्रमांक बदलण्याची सोय नाही, तेव्हा फाइल नेहमी डेटा टॅबमधून आयात करा आणि अशा कॉलमचा प्रकार टेक्स्ट सांगा. सोसायटीच्या सचिवांना पाठवायची यादी सीएसव्हीऐवजी कॉलम टेक्स्ट केलेल्या एक्सेल फाइलमध्येच द्या. पायथॉनच्या पँडाज या लायब्ररीमध्येही वाचताना सगळे कॉलम स्ट्रिंग म्हणून वाचायला सांगा, नाही तर एखादी जागा रिकामी असली की पिन कोड ४११०३० चा '४११०३०.०' होतो.

तुमच्या चालू कॉलमचं स्थलांतर असं करा. जुन्या इंटिजर कॉलमला हात न लावता शेजारी नवा टेक्स्ट कॉलम जोडा आणि किंमती त्यात उतरवा. जिथं लांबी नियमाने ठरलेली आहे तिथंच गळलेले शून्य परत भरा. गट क्रमांकात आणि सभासद क्रमांकात अंदाजाने काही भरू नका, मूळ रजिस्टरशी ताडून घ्या. अक्षर टाकता येत नव्हतं म्हणून कुणी '४५/२/अ' ऐवजी ४५२१ किंवा नुसतं ४५ टाकून वेळ भागवली असेल, त्या नोंदी क्षेत्र आणि खातेदाराच्या नावावरून शोधाव्या लागतील. मग साफ रूपावर युनिक इंडेक्स लावून पाहा. गावाचा कोड आणि खातेदार त्यात सोबत घ्या, कारण तोच गट क्रमांक शेजारच्या गावातही असतो आणि एकाच गटात अनेक खातेदार असतात. इंडेक्स अडला तर अडलेल्या जोड्यांची यादी काढून सचिवांकडे द्या. कुठली नोंद खरी हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, प्रोग्रामचा नाही. सगळ्या क्वेरी नव्या कॉलमवर वळल्या आणि एक पूर्ण कर्जवाटपाचा हंगाम सुरळीत गेला, की जुना कॉलम काढा.